मूठ किती उघडी होती?

नव्याने उभी केलेली जुनी मोटारसायकल पहिल्यांदा रस्त्यावर निघते तेव्हा बहुतेक वेळा एकच तक्रार ऐकू येते: "गाडी मिसिंग करते," म्हणजे मध्येच अडखळते. ही अर्धी तक्रार झाली. मिसिंग करते तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरची मूठ किती पिळलेली असते, ही उरलेली अर्धी. नुसत्या आयडलिंगला (मूठ बंद, इंजिन चालू) करते, मूठ जरा उघडताच करते, निम्म्यावर, की पूर्ण पिळल्यावर? एवढं सांगता आलं तर कार्ब्युरेटरचा कोणता भाग उघडायचा ते जवळजवळ ठरतं. सांगता आलं नाही तर माणूस बाहेरून दिसणारे दोन स्क्रू फिरवत बसतो, कारण काहीही न उघडता हाताला तेवढेच लागतात. त्या दोन स्क्रूंचा बहुतेक दुखण्यांशी संबंध नसतो.

कार्ब्युरेटरचं काम म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणं. प्रश्न प्रमाणाचा असतो. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. वजनात हा आकडा फार वाटत नाही, पण घनफळात मांडला की चित्र बदलतं: एक लिटर पेट्रोलला सुमारे ९,००० लिटर हवा. एवढ्या हवेत एवढंसं पेट्रोल सारखं भुरभुरायचं, इंजिन मिनिटाला १,००० फेऱ्या घेत असो की ७,०००, आणि तेही सेन्सर किंवा कॉम्प्युटरशिवाय. काही पितळी भोकं, एक सुई आणि एक तरंगता फ्लोट हे काम करतात. मला या वस्तूबद्दल वाटणारा आदर इथून सुरू होतो.

पेट्रोल वर चढतं कसं? इंजिन ते ओढतं असं आपण म्हणतो, पण खरं तर बाहेरची हवा ते ढकलते. कार्ब्युरेटरचा घसा मध्ये निमुळता असतो. तिथून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. खाली कार्ब्युरेटरच्या वाटीत साठलेल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो, म्हणून ते जेटमधून, म्हणजे मापाच्या पितळी भोकातून, वर घशात ढकललं जातं. हे पुस्तकी वाटलं तरी त्यातून लगेच एक कामाची गोष्ट निघते. वाटीला आणि पेट्रोलच्या टाकीला बाहेरची हवा मिळालीच पाहिजे. टाकी रंगवताना झाकणातलं बारीक छिद्र बुजलं तर गाडी छान सुरू होते, काही किलोमीटर पळते आणि गुदमरून थांबते. झाकण उघडल्यावर "सुस्स" आवाज आला तर कार्ब्युरेटरला हात लावू नका.

आता मुठीकडे. जुन्या धाटणीच्या कार्ब्युरेटरमध्ये मूठ पिळली की केबलने एक स्लाइड वर उचलली जाते आणि घसा उघडतो. पेट्रोल मात्र एकाच वाटेने येत नाही. मूठ बंद असल्यापासून साधारण आठवा भाग उघडेपर्यंत पायलट जेटचं राज्य असतं. आठव्या भागापासून पाव मुठीपर्यंत स्लाइडच्या खालच्या कडेला दिलेला तिरका काप बोलतो. पावपासून पाऊण मुठीपर्यंत, म्हणजे आपण रोज चालवतो त्या जवळजवळ सगळ्या वेळात, स्लाइडला लटकलेली नीडल आणि ती ज्यात खालीवर होते ते नीडल जेट. पाऊणच्या पुढे मेन जेट. या हद्दी एकमेकींत मिसळलेल्या असतात, कुंपण घातल्यासारख्या नसतात. तरीही शंभर किलोमीटर पळूनही पूर्ण मूठ न पिळणारा माणूस मेन जेट बदलून मायलेज सुधारायला बघतो तेव्हा त्याला थांबवावंसं वाटतं. त्याच्या प्रवासात त्या जेटचं काम जवळजवळ आलेलंच नसतं.

म्हणून पहिलं हत्यार म्हणजे कागदी चिकटपट्टी. मुठीवर एक तुकडा, शेजारच्या स्विचच्या डबीवर दुसरा. मूठ पूर्ण बंद असताना दोन्हींवर एक सरळ रेघ मारा. मग पूर्ण पिळून डबीवरच्या रेघेसमोर मुठीवर दुसरी रेघ, आणि त्या दोन रेघांमध्ये पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा. पहिला पाव भाग पुन्हा निम्मा करा. आता गाडी चालवा, आणि तक्रार आली की डबीसमोर कोणती खूण आहे ते बघा. आकडे फसवतात: उतारावर ताशी ६० पाव मुठीतही होतील आणि चढावर पाऊण मुठीतही होणार नाहीत. कार्ब्युरेटरला वेग कळत नाही, त्याला उघडझाप कळते.

खूण सापडली तरी लगेच कार्ब्युरेटर उघडू नये, आणि या बाबतीत मी हट्टी आहे. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप, मग टायमिंग (ठिणगीची वेळ), मग प्लग, त्याची टोपी आणि वायर. एअर फिल्टर आणि सायलेन्सर जसे कायम राहणार तसेच बसवलेले हवेत. फिल्टर काढून केलेलं सेटिंग फिल्टर बसवल्यावर खोटं ठरतं. कमजोर ठिणगी आणि जास्त पेट्रोल यांची लक्षणं इतकी सारखी असतात, प्लग दोन्हींत काळाच पडतो, की इग्निशन पक्कं केल्याशिवाय कार्ब्युरेटरबद्दल काही बोलणं म्हणजे अंदाज.

दुसरी गोष्ट म्हणजे चोरवाटेने घुसणारी हवा. दोन सिलिंडरच्या एका गाडीवर मी तीन रविवार घालवले. आयडलिंग आपोआप वर जायचं, मूठ सोडली की डाव्या सायलेन्सरमधून फटाके. लक्षणं पेट्रोल कमी पडल्याची, म्हणून मी पायलट जेट एक नंबर मोठा केला. थोडं बरं झालं, मग पुन्हा तेच. शेवटी गाडी आयडलिंगला ठेवून पाण्याच्या स्प्रे बाटलीतून कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधल्या रबरावर बारीक तुषार मारले. डाव्या बाजूला खालून मारताच आवाज बदलला. भेगेवर पाणी बसलं, हवा क्षणभर अडली आणि चढलेलं इंजिन खाली आलं. रबर काढून बोटांनी वाकवलं तेव्हा भेग दिसली. सरळ असताना ते नव्यासारखं काळंभोर होतं. या तपासणीला पाणीच वापरा. तापलेल्या इंजिनवर पेट्रोल किंवा ज्वालाग्राही स्प्रे मारायचं काही कारण नाही.

टू-स्ट्रोक गाडीत आणखी एक चोरवाट असते, क्रँकच्या टोकांवरची रबरी सीलं. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या इंजिनात ती कडक होतात. मॅग्नेटो किंवा पॉइंटच्या बाजूचं सील गेलं की तिथून हवा आत जाते. गिअरबॉक्सच्या बाजूचं गेलं की गिअर ऑइल ओढलं जातं आणि पांढऱ्या धुराचे लोट निघतात. यातलं काहीही स्क्रूने सुटत नाही. उलट हवा घुसत असताना गाडी तशीच ताणली तर पिस्टन सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो, कारण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे तापमान जास्त, आणि तेल पेट्रोलमध्ये मिसळून घालत असाल तर वंगणही तितकंच कमी.

पेट्रोल जास्त झालं की रिच आणि कमी पडलं की लीन, हे शब्द गॅरेजात रुळलेले आहेत, मीही तेच वापरतो. कोणतं आहे ते ओळखायची सोपी युक्ती: तक्रार येते त्याच खुणेवर मूठ धरून चोक (थंड इंजिनासाठी मिश्रण रिच करणारी खटकी) किंचित ओढा. गाडी सुधारली तर लीन, आणखी बिघडली तर रिच. फोर-स्ट्रोकवर एक उलटी युक्तीही आहे. मध्यम वेगात पेट्रोलचा कॉक बंद करून चालत राहा. वाटीतलं पेट्रोल उतरू लागलं की मिश्रण हळूहळू लीन होतं. बंद पडण्याआधी काही क्षण गाडी एकदम मोकळी धावली, तर ती आधी रिच होती.

आता कार्ब्युरेटर उघडू. सुरुवात कायम खालून, म्हणजे वाटीतल्या पातळीपासून. पेट्रोल वाटीत किती उंचीवर उभं आहे त्यावर सगळ्या जेटांचं काम अवलंबून असतं. पातळी वर असेल तर सगळीकडे थोडं रिच, खाली असेल तर सगळीकडे थोडं लीन. ही पातळी चुकलेली ठेवून जेट बदलणं म्हणजे वाकड्या पायावर भिंत सरळ करणं. फ्लोटची उंची मोजताना कार्ब्युरेटर तिरका धरा. फ्लोटची जीभ फ्लोट-व्हॉल्व्हच्या (वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) डोक्यावर नुसती टेकली पाहिजे. काही व्हॉल्व्हच्या डोक्याला स्प्रिंगवरची बारीक पिन असते, ती दबता कामा नये. कार्ब्युरेटर पूर्ण उलटा करून मोजलं तर फ्लोटच्या वजनाने पिन दबते आणि माप चुकतं. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे पारदर्शक नळी. वाटीच्या तळाला ड्रेनची नळी असेल तर तिला पारदर्शक तुकडा जोडा, वाटीला टेकवून वर धरा आणि कॉक उघडा. नळीत पेट्रोल जिथे थांबतं तीच आतली पातळी. मॅन्युअलमध्ये ती बहुधा वाटीच्या कडेपासून मिलिमीटरमध्ये दिलेली असते. दोन कार्ब्युरेटर असतील तर दोन्हींची पातळी सारखी आलीच पाहिजे.

जेट साफ करताना तार घालू नका. पितळ मऊ असतं, पोलादी तारेचा एक ओरखडा भोक कायमचं बदलतो. कार्ब क्लीनर आणि दाबाची हवा पुरते, आणि त्यानंतर जेट उजेडासमोर धरून भोक पूर्ण गोल दिसतं का ते बघायचं. अमाल कॉन्सेंट्रिकसारख्या काही कार्ब्युरेटरमध्ये पायलट जेट आत ठोकून बसवलेलं असतं. ०.०१६ इंचाचं, म्हणजे जेमतेम ०.४ मिलिमीटरचं भोक, आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. वाळलेल्या पेट्रोलचा पिवळा थर त्याला सहज बुजवतो. वाटी चकचकीत पुसली म्हणजे कार्ब्युरेटर साफ झाला, असं समजू नये.

जेटवरच्या नंबरांबद्दल एक इशारा. केहिनच्या मेन जेटचा १२० हा साधारण १.२० मिलिमीटरच्या भोकाचा नंबर असतो. अमालचा नंबर मिनिटाला किती घन सेंटिमीटर पेट्रोल वाहतं ते सांगतो. त्यामुळे एका कंपनीचा नंबर दुसऱ्या कंपनीच्या जेटशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

मधल्या मुठीत रिच असलेल्या जुन्या गाडीत मला सगळ्यात आधी नीडल जेटचा संशय येतो. नीडल वर्षानुवर्षं थरथरत त्या भोकाला घासते आणि भोक लांबट होतं. पेट्रोल जातं ते नीडल आणि भोक यांच्या मधल्या बारीक कडीतून, म्हणून थोडी झीजही मोठी ठरते. हिशोब करून बघा. समजा भोक २.७० मिलिमीटरचं आहे आणि त्या जागी नीडल २.५० मिलिमीटर जाड आहे. मधली वाट भरते सुमारे ०.८२ चौरस मिलिमीटर. भोक फक्त ०.०३ मिलिमीटरने झिजलं तर ती होते ०.९४ च्या पुढे, म्हणजे जवळजवळ १६ टक्क्यांनी मोठी. ही झीज बोटाला जाणवत नाही, प्लगला जाणवते. अशा वेळी नीडल खाली उतरवून भागवण्यापेक्षा नीडल आणि जेट दोन्ही नवी घालावीत.

भाग चांगले असतील तर नीडलच्या वरच्या खाचांत बसणारी क्लिप सरकवून मधला पट्टा जुळवता येतो. इथे अनेकांचा गोंधळ होतो. क्लिप खालच्या खाचेत गेली की नीडल वर उचलली जाते, आणि नीडल वर म्हणजे पेट्रोल जास्त. खाचा वरून मोजायच्या आणि आधीची खाच लिहून ठेवायची.

बाहेर दिसणाऱ्या त्या दोन स्क्रूंपैकी एक स्लाइड नुसती टेकवून धरतो, तो आयडलिंगचा वेग. दुसरा मिक्स्चरचा, आणि तो कोणत्या जातीचा आहे ते आधी ओळखावं लागतं. स्क्रू स्लाइडच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा: आत फिरवला की हवा कमी, मिश्रण रिच. इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा: आत फिरवला की लीन. दिशा नेमकी उलटी. हे न बघता दुसऱ्याच्या गाडीचा सल्ला आपल्या गाडीवर लावला की दुखणं दुप्पट होतं.

सेटिंग गरम इंजिनवरच होतं, दहाएक मिनिटं चालवून आणल्यावर. मिक्स्चर स्क्रू हलकेच आत टेकवा, आवळू नका, टोक बसकं होतं. मग दीड फेरी बाहेर. आयडलिंग जरा चढं ठेवून स्क्रू पाव-पाव फेरी आत न्या आणि प्रत्येक वेळी काही सेकंद थांबा. इंजिन अडखळायला लागलं की तेवढाच सावकाश बाहेर, दुसऱ्या टोकाला पुन्हा अडखळेपर्यंत. या दोन टोकांच्या मध्ये एक जागा अशी येते की इंजिन आपोआप थोडं वर चढतं आणि त्याचा ताल गुळगुळीत होतो. ती तुमची जागा. मग वेगाचा स्क्रू खाली घेऊन हेच पुन्हा एकदा. आता मूठ झटकन पिळून सोडा. वेग वरच रेंगाळला तर लीन, आयडलिंगच्याही खाली बुडी मारून सावरला तर रिच. सगळ्यात चांगली जागा तीन फेऱ्यांच्या पुढे किंवा अर्ध्या फेरीच्या आत सापडत असेल तर पायलट जेटच बदलावं लागेल.

दोन किंवा जास्त कार्ब्युरेटर असले की आणखी एक काम येतं, त्यांना एका वेळी उचलायला लावणं. १९५९ च्या ट्रायम्फ बॉनविलवर दोन अमाल, यामाहा आरडी ३५० वर दोन मिकुनी, होंडाच्या १९६९ च्या सीबी ७५० वर चार केहिन. प्रत्येक सिलिंडर आपलं आपलं पेट्रोल घेतो, आणि एकाची स्लाइड अर्धा मिलिमीटर आधी उचलली गेली तर तो दुसऱ्याला ओढत राहतो. इंजिन थरथरतं, एक प्लग काळा आणि एक पांढरा निघतो. केबलच्या गाड्यांवर मी आधी इंजिन बंद ठेवून जुळवतो. फिल्टरकडून दोन्ही कार्ब्युरेटरमध्ये एकेक बोट घालून स्लाइडची कड चाचपायची, आणि मूठ केसभर उघडायची. दोन्ही बोटांना हालचाल एकाच क्षणी जाणवली पाहिजे, त्यासाठी मूठ कुणीतरी दुसऱ्याने धरली तर बरं. दोन्ही स्लाइडखाली सारख्या जाडीच्या ड्रिल बिटचा दांडा सरकवून तोच सैलपणा लागतो का, असंही बघता येतं. मग इंजिन सुरू करून दोन्ही सायलेन्सरमागे थोड्या अंतरावर तळहात धरायचे. फटके सारखे लागेपर्यंत वेगाचे स्क्रू अगदी थोडे-थोडे.

फोर-स्ट्रोकवर व्हॅक्यूम गेज (प्रत्येक सिलिंडरची ओढ दाखवणारं मापक) जोडायची सोय असेल तर गेज वापरा. मुठीच्या वापरात जिथे गाडी असते तिथलं, म्हणजे आयडलिंगच्या थोड्या वरचं साम्य जास्त महत्त्वाचं असतं. या सगळ्या वेळात इंजिनासमोर मोठा पंखा लावा. हवेने थंड होणारं इंजिन उभ्या जागी पाचेक मिनिटांत इतकं तापतं की सेटिंगच बदलतं. एक सिलिंडर बंद करून दुसरा ऐकायचा असेल तर काढलेली प्लगची वायर हवेत लोंबत ठेवू नका, टोपीत जुना प्लग घालून तो इंजिनच्या धातूला टेकवून ठेवा. नाहीतर ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल जाते.

व्हॅक्यूमच्या कार्ब्युरेटरमध्ये मूठ फक्त खालची पाकळी उघडते, स्लाइड रबरी पडद्यावरच्या दाबाने आपोआप चढते. त्यामुळे चिकटपट्टीच्या खुणा तिथे ढोबळच लागू होतात. इंजिनाचा वेग वर चढतच नसेल तर आधी तो पडदा उजेडासमोर ताणून धरा. सुईएवढं भोकही पुरतं.

मेन जेट सगळ्यात शेवटी. मोकळा, सरळ, सुरक्षित रस्ता आणि नवा प्लग लागतो. वरच्या गिअरात पूर्ण मूठ धरून काही अंतर गेल्यावर मूठ किंचित, आठव्या भागाने, सोडा. गाडीने उलट जोर पकडला तर मेन जेट लहान आहे. पूर्ण मुठीत जड, फडफडती चालत असेल तर मोठं. टू-स्ट्रोकवर कायम मोठ्या जेटकडून लहानाकडे या, उलट कधीच नाही. रंग बघायचा असेल तर पूर्ण मुठीतच क्लच दाबून इंजिन लगेच बंद करा आणि प्लग काढा. मूठ सोडून आयडलिंगवर घरापर्यंत आणलेला प्लग आयडलिंगचा रंग दाखवतो. जुन्या मॅन्युअलमधला खरपूस तपकिरी रंग आजच्या शिसेविरहित पेट्रोलवर शोधू नका, आता चांगला प्लगही फिकटच दिसतो. प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलीनच्या आत, बुडाशी, काजळीचं बारीक कडं दिसतं का ते बघा.

इथेच कारखान्याच्या आकड्यांचा प्रश्न येतो. ते आकडे सुरुवातीला घालावेतच, पण ते त्या काळच्या पेट्रोलसाठी होते. शुद्ध इथेनॉलला वजनाने नऊच पट हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची गरज १३.५ पटींच्या आसपास येते. जेट तेच राहिलं तर तीच गाडी आता लीन चालते. म्हणून बहुतेक जुन्या गाड्यांना पायलट किंवा नीडल एक पायरी रिच लागते. इथेनॉल पाणीही शोषतं, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की वाटीत पांढरी पूड जमते, जुनी रबरं फुगतात. लांब उभी करणार असाल तर वाटी रिकामी करून ठेवा. उलट दिशेला, उंच डोंगरावर हवा विरळ होते आणि तीच गाडी रिच वाटू लागते. दोन दिवसांच्या प्रवासासाठी मात्र जेट बदलू नका.

प्रत्येक बदल एकटा करायचा आणि लिहायचा: तारीख, जेटचा नंबर, क्लिपची खाच, स्क्रूच्या फेऱ्या, आणि चिकटपट्टीवरची खूण. सगळं जुळल्यावर एक तपासणी उरते. इंजिन आयडलिंगला असताना हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण वळवा. आवाज जराही चढला तर केबल कुठेतरी ताणली जाते आहे, आणि ती मोकळी केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही.